डेबियन १२ वर नवा जीसीसी: बॅकपोर्ट करावा, स्वतः बिल्ड करावा, की हंगाम संपेपर्यंत थांबावे?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. नांदेड, परभणी आणि हिंगोली या तीन जिल्ह्यांतील काही साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे सॉफ्टवेअर मी लिहितो आणि सांभाळतो. एकूण चौदा संगणक आहेत. सर्वांवर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टीम आहे आणि प्रत्येक संगणक काट्याशेजारच्या खोलीत पाचटाची धूळ खात चोवीस तास चालू असतो. गळीत हंगाम सुरू असताना त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा विषय मी काढूसुद्धा शकत नाही. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असते, आणि काटा दहा मिनिटे बंद पडला तरी रांगेतल्या पहिल्या माणसापासून शेतकी अधिकाऱ्यांपर्यंत सगळे खिडकीशी येऊन उभे राहतात.

अडचण अशी आहे. माझ्या जोडीदाराने पावती छापण्याचा भाग नव्याने लिहिला आणि त्यात एसटीडी::फॉरमॅट ही सी++ मधील मजकूर मांडण्याची नवी सोय वापरली. त्याच्या लॅपटॉपवर ते चालते. डेबियन १२ मध्ये जीसीसी (कोडचा प्रोग्राम करणारा कंपायलर) १२.२ आहे आणि जीसीसीच्या लायब्ररीत हे फॉरमॅट १३ पासून आले, त्यामुळे माझ्याकडे पहिल्याच ओळीला 'फॉरमॅट नावाची हेडर फाइल सापडत नाही' असे उत्तर मिळते. मी घरच्या संगणकावर डेबियन १३ ची रेपॉझिटरी जोडून फक्त नवा जीसीसी मागवून पाहिला. पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीने जी यादी दाखवली तिच्यात जीलिबसीसकट (जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी सी ची मूळ लायब्ररी) निम्मी सिस्टीम होती. 'पुढे जायचे का' या प्रश्नाला मी नाही म्हटले आणि ती रेपॉझिटरी काढून टाकली.

डेबियनच्या बॅकपोर्ट्स विभागात (जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा बिल्ड केलेली नवी पॅकेजेस) कर्नलपासून ऑफिसपर्यंत बरेच काही मिळते, पण जीसीसी तिथे नाही. आता मला तीन मार्ग दिसतात: जीसीसी १३ चे पॅकेज स्वतः बॅकपोर्ट करणे, मूळ सोर्सपासून वेगळ्या डिरेक्टरीत बिल्ड करणे, किंवा कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातच उभ्या केलेल्या दुसऱ्या बंदिस्त सिस्टीममध्ये, बिल्ड करून फक्त तयार प्रोग्राम काट्यावर नेणे. तुम्ही कोणता मार्ग घेतला असता, आणि तो घेतल्यावर काय भोगले, हे दोन्ही सांगावे.

पाचोळा (बीड)

शीर्षकात 'हंगाम संपेपर्यंत थांबावे' हा पर्याय तुम्हीच दिला आहे, त्याला माझे मत. यंदा ऊस तसाही लवकर संपेल, असे दरवर्षी म्हणतात.

तूरडाळ (लातूर)

प्रश्न कंपायलरचा नसून एका फंक्शनचा आहे, असे मला वाटते. एसटीडी::फॉरमॅट ज्या लायब्ररीवरून प्रमाणित सी++ मध्ये आले, ती एफएमटी नावाची लायब्ररी डेबियन १२ मध्ये ९.१ या आवृत्तीत आहे. नेमस्पेस (नावापुढचा 'एसटीडी' हा भाग) बदलावी लागते, बाकी लिखाण बहुतेक तसेच राहते. मी डाळ मिलमधील रंगनिवड यंत्राच्या कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर लिहिते. खराब दाणा हवेच्या झोताने बाहेर फेकायचा असतो, आणि तिथेही मिल चालू असताना सिस्टीमला हात लावता येत नाही. नवी सुविधा हवी असेल, तर आधी ती लायब्ररी म्हणून मिळते का ते बघायचे, कंपायलर बदलायचा तो अगदी शेवटी, असा माझा क्रम आहे.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, फॉरमॅटपुरते हे मान्य आहे. पण उद्या जोडीदार आणखी काही तरी नवे वापरेल, तेव्हा पुन्हा हेच. म्हणून एकदाच नीट मार्ग काढावा असे मनात आहे.

जुना बुरूज (औसा)

बॅकपोर्ट्समध्ये जीसीसी का नसतो, ते आधी समजून घ्यावे, कारण तिन्ही मार्गांची उत्तरे त्यातच आहेत.

डेबियन १२ साठी कंपायलरसंच जानेवारी २०२३ मध्ये गोठवला गेला. जीसीसी १३.१ एप्रिल २०२३ मध्ये आला आणि डेबियन १२ जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांची चुकामूक झाली आणि तिचे परिणाम आपण तीन वर्षे सोसतो, पण स्थिर वितरणाचा अर्थच तो आहे. बॅकपोर्ट म्हणजे पुढच्या आवृत्तीतील पॅकेजचा सोर्स घेऊन तो जुन्या आवृत्तीवर, जुन्याच लायब्ररींशी लिंक करून पुन्हा बिल्ड करणे. पॅकेजच्या आवृत्तीला शेवटी टिल्ड लावून 'बीपीओ१२+१' असे शेपूट जोडतात. डेबियनच्या क्रमवारीत टिल्ड रिकाम्या जागेपेक्षाही खालचा मानला जातो, त्यामुळे पुढे डेबियन १३ वर गेलात की तिथले खरे पॅकेज आपोआप वरचढ ठरते.

एखाद्या साध्या प्रोग्रामला हे सरळ लागू पडते. जीसीसीचे तसे नाही. जीसीसीच्या एकाच सोर्स पॅकेजमधून कंपायलरही निघतो आणि लिबस्टडसी++ (सी++ ची प्रमाणित लायब्ररी) व लिबजीसीसी या, सिस्टीममधील हजारो प्रोग्राम चालताना वापरतात त्या, लायब्रऱ्याही निघतात. तुम्ही मागता कंपायलर, पण तो सोबत नवी लिबस्टडसी++ आणतो आणि ती जुनीच्या जागी बसते. कंपायलर १२ आणि १३ शेजारी शेजारी राहू शकतात. लिबस्टडसी++.एसओ.६ मात्र एकच राहते.

तरीही हे काम होते. मी स्वतः अशी पॅकेजेस केली आहेत. स्वच्छ क्रूटमध्ये (वेगळ्या डिरेक्टरीत मांडलेल्या कोऱ्या सिस्टीममध्ये) एसबिल्ड हे पॅकेज बिल्ड करणारे साधन चालवायचे, बिल्डसाठी लागणाऱ्या ज्या गोष्टी जुन्या आवृत्तीत नाहीत त्या एकेक करून आधी बॅकपोर्ट करायच्या, आणि चाचण्यांचा निकाल वाचल्याशिवाय पॅकेज कुणाला द्यायचे नाही. तसे पाहिले तर डेबियनलाही हे चुकलेले नाही. फायरफॉक्सच्या दीर्घकालीन आवृत्तीला दर वर्षी रस्ट या भाषेचा नवा कंपायलर लागतो, म्हणून त्यांनी स्थिर आवृत्तीत रस्टसी-मोझिला आणि नंतर रस्टसी-वेब अशी वेगळ्या नावांची पॅकेजेस घातली. सर्वसाधारण रस्ट होते तिथेच राहिले आणि ब्राउझरपुरते नवे रस्ट बाजूला उभे केले.

मोसंबीवाला (जालना)

बुरूजसाहेब, आमच्या भाषेत सांगायचे तर हे डोळा भरणे झाले. मोसंबीची कलमे करताना खुंट रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा असतो आणि त्यावर मोसंबीचा डोळा भरतात. जमिनीशी झुंजतो तो खुंट आणि फळ येते ते डोळ्याचे. तुमची जीलिबसी म्हणजे खुंट आणि नवा जीसीसी म्हणजे डोळा. रोपवाटिकेत लावलेला खुंट बागेत गेल्यावर बदलत नाही.

पाचोळा (बीड)

आणि खुंटालाच फुटवे आले की गिऱ्हाईक म्हणते मोसंबी आंबट निघाली.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मोसंबीवाले, दृष्टांत अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा लिबस्टडसी++ चा आहे. ती ना खुंट ना डोळा, ती जोड आहे, आणि बहुतेक कलमे जोडावरच सडतात.

मी वाळूजमध्ये मोटारींचे सुटे भाग तपासणाऱ्या यंत्रांवर काम केले, आणि ती सर्व यंत्रे रेड हॅटच्या घराण्यातील सेंटओएस ७ या लिनक्सवर होती. जीसीसी ४.८.५, जीलिबसी २.१७. त्या काळात आम्हाला रेड हॅटच्या डेव्हलपर टूलसेटने तारले आणि ते कसे चालते हे प्रत्येकाने एकदा तरी उघडून पाहावे. नवा कंपायलर ऑप्ट डिरेक्टरीत वेगळा बसतो आणि एससीएलची आज्ञा दिली की फक्त त्या टर्मिनलपुरता लागू होतो. सिस्टीमच्या लायब्ररीला तो स्पर्श करत नाही. मग नव्या लायब्ररीतील फंक्शने येतात कुठून? टूलसेटमधील लिबस्टडसी++.एसओ ही फाइल खरी लायब्ररी नसून दोन-चार ओळींचा मजकूर आहे. लिंकरला ती सांगते की जे जुन्या सिस्टीम लायब्ररीत आहे ते तिथूनच घे आणि जे नाही ते 'नॉनशेअर्ड' नावाच्या स्थिर लायब्ररीतून उचलून प्रोग्राममध्येच भरून टाक. त्यामुळे जीसीसी ११ ने बिल्ड केलेला प्रोग्राम, टूलसेट न बसवलेल्या कोऱ्या सेंटओएस ७ वर तसाच चालतो. मी ती फाइल पहिल्यांदा कॅट करून पाहिली तेव्हा बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो. एवढी मोठी सोय आणि एवढासा मजकूर.

भोगलेले दोन प्रसंगही सांगतो. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंग आणि लिस्ट यांची अंतर्गत रचना बदलली, कारण सी++११ च्या नियमांत जुनी रचना बसत नव्हती. पण सेंटओएस ७ ची लायब्ररी ४.८ ची असल्यामुळे तिथला टूलसेट कितीही नवा घेतला तरी जुनीच रचना वापरतो आणि रचना निवडणारा मॅक्रो बदलला तरी दाद देत नाही. आमच्या कॅमेऱ्याची लायब्ररी उबुंटूवर बिल्ड होऊन आली होती. लिंक करताना 'सीएक्सएक्स११' (नव्या रचनेची खूण) असलेल्या अपरिभाषित नावांची पानेच्या पाने यायची, आणि आम्ही दोन दिवस लिंकरच्या पर्यायांची अदलाबदल करत बसलो. दुसरा प्रसंग सेंटओएस ७ च्या मुदतीचा. ३० जून २०२४ ला ती संपली, मिरर (पॅकेजेस उतरवायचे सर्व्हर) बंद झाले आणि पुढच्याच महिन्यात नव्या यंत्रासाठी टूलसेट उतरवायला गेलो तर पत्ताच सापडेना. जुनी पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या साठ्यात आहेत हे कळायला आणि सेटिंग बदलायला वेळ गेला तो वेगळाच. तेव्हापासून मी जो कंपायलर वापरतो त्याची पॅकेजेस स्वतःच्या डिस्कवर ठेवतो.

म्हणून गोदाकाठ, सिस्टीमची लिबस्टडसी++ बदलणारा कोणताही मार्ग घेऊ नका.

जुना बुरूज (औसा)

देवगिरी सर, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. लिबस्टडसी++.एसओ.६ हे नाव २००४ पासून, म्हणजे जीसीसी ३.४ पासून बदललेले नाही. नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रामना चालावी ही काळजी ती मंडळी काटेकोरपणे घेतात, त्यामुळे १२ च्या जागी १३ ची लायब्ररी बसली म्हणून जुने प्रोग्राम मोडत नाहीत.

धोका दुसरीकडे आहे. ज्या संगणकावर नवी लायब्ररी बसली, तिथे बिल्ड केलेला प्रोग्राम तिच्यावर अवलंबून राहतो आणि तो उरलेल्या तेरा काट्यांवर चालत नाही. जीसीसी १३.२ ने बिल्ड करताना नुसती आयओस्ट्रीमची हेडर फाइल घेतली, तरी जीलिबसीएक्सएक्स_३.४.३२ (लिबस्टडसी++ च्या आवृत्तीची खूण) ची मागणी प्रोग्रामवर लागते. डेबियन १२ ची लायब्ररी ३.४.३० वर थांबते. म्हणजे फॉरमॅट वापरा अगर नका वापरू, 'नमस्कार' छापणारा प्रोग्रामसुद्धा तिथे उठणार नाही.

रात्रपाळी (परभणी)

हे 'उठणार नाही' मी अनुभवले आहे. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर मी जीसीसी १३.२ सोर्सपासून बिल्ड केला. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी आणि आयएसएल या बिल्डला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणणारी स्क्रिप्ट सोर्सबरोबरच येते, ती चालवली, आणि उत्साहात मेकला (बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला) एका वेळी आठ कामे दिली. चाळीस मिनिटांनी 'सीसी१प्लस (जीसीसीचा सी++ चा भाग) मारला गेला' असा संदेश आला. मेमरी संपली की कर्नल सर्वांत मोठ्या प्रोग्रामचा बळी घेतो. आठाची दोन केली. मग रात्री भारनियमन आणि लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांची. तीन टप्प्यांपैकी दुसरा टप्पा मी एकूण तीन रात्री पाहिला. जुन्या कंपायलरने नवा करायचा, त्या नव्याने पुन्हा तोच करायचा, त्याने पुन्हा तोच, आणि शेवटच्या दोघांची तुलना करायची.

एवढे होऊन इन्स्टॉल केले ते कुठे, हे न सांगताच. त्यामुळे ते यूएसआर-लोकलमध्ये गेले. तिथे लायब्ररी लिब६४ मध्ये पडते, आणि डेबियनचा लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या शोधणारा) यूएसआर-लोकलच्या लिबमध्ये बघतो, लिब६४ मध्ये बघत नाही. प्रोग्राम बिल्ड झाला आणि चालवल्यावर म्हणाला: जीलिबसीएक्सएक्स_३.४.३२ सापडत नाही. मी एलडी-लायब्ररी-पाथ (लोडरने आधी कुठे शोधावे ते सांगणारी सेटिंग) बॅशच्या फाइलमध्ये लिहून टाकला आणि तेव्हापासून ते तिथेच आहे. खोलीतला मित्र म्हणाला, "काय करायलास बे तीन दिवसांपासून?" त्याला सांगितले, कंपायलर शिजतोय.

तूरडाळ (लातूर)

बाळा, ते एलडी-लायब्ररी-पाथ आजच काढ. प्रोग्रामबरोबर लायब्ररी द्यायचीच असेल, तर लिंक करताना ओरिजिनसह आरपाथ दे, म्हणजे प्रोग्राम आपल्याच डिरेक्टरीत शोधेल आणि बाकी सिस्टीमला त्रास होणार नाही. किंवा लिबस्टडसी++ आणि लिबजीसीसी स्थिर पद्धतीने आत भरून टाक. त्यासाठी परवान्यात खास सवलत आहे, त्यामुळे तुझा प्रोग्राम जीपीएल या सोर्स खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली येत नाही.

साधा प्रश्न (धाराशिव)

मी या विषयात नवा आहे. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पाच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत डेबियन १२ साठी क्लँग हा त्यांचा नवा कंपायलर तयार मिळतो आणि तो जुन्याशेजारी बसतो. तो का घेऊ नये?

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

प्रश्न साधा नाही, चांगला आहे. क्लँग नवा घेतला तरी लिनक्सवर तो मुळात जीसीसीचीच लिबस्टडसी++ वापरतो आणि ती १२ चीच राहते, म्हणून फॉरमॅट तिथेही सापडणार नाही. एलएलव्हीएमची स्वतःची लिबसी++ वापरली तर सापडेल, पण मग तुमची स्ट्रिंग आणि इतरांच्या लायब्ररीतील स्ट्रिंग या दोन वेगळ्या जाती होतात आणि एकीची दुसरीशी देवाणघेवाण होत नाही. सर्व काही स्वतःच बिल्ड करत असाल तर हा मार्ग उत्तम आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. नवा कंपायलर बसवल्यावर अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने 'जीसीसी' हे नावच त्याच्याकडे वळवण्याचा मोह आवरावा. बाहेरून घेतलेले कर्नल मॉड्यूल, उदाहरणार्थ सिरियल कार्डाचा ड्रायव्हर, कर्नल ज्या कंपायलरने बिल्ड झाला त्यानेच बिल्ड व्हावे हे बरे. नवा हवा तिथे बिल्डच्या वेळी त्याचे पूर्ण नाव द्यावे.

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांचे आभार. आता मला कबुली द्यायची आहे. एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची आहे हे मला कळले नव्हते. काट्याचा दर्शक ज्या पुरवठादाराकडून येतो, त्याने यंदा नवी लायब्ररी दिली आहे. सिरियल पोर्टवरून येणारी अक्षरे वाचून ती वजनाचा आकडा देते. तयार एसओ फाइल (बिल्ड झालेली लायब्ररी) आहे, सोर्स नाही. जोडीदाराच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ असल्यामुळे तीही तिथे बिनतक्रार चालते.

जुना बुरूज (औसा)

ही माहिती आधी आली असती तर माझी चार परिच्छेदांची मेहनत वाचली असती. आता एक करा. त्या फाइलवर मोठ्या टी पर्यायासह ऑब्जडम्प (फाइलला लागणारी नावे दाखवणारे साधन) चालवा, त्यातून 'जीलिबसी' असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि सर्वांत मोठे आकडे इथे लिहा. बाकी चर्चा त्यानंतर.

गोदाकाठ (नांदेड)

दोन आकडे निघाले. जीलिबसीएक्सएक्स_३.४.३२ आणि जीलिबसी_२.३८. दुसरा आकडा फक्त एकाच ओळीत आहे आणि त्या ओळीत 'आयएसओसी२३_स्ट्रटोल' असे नाव आहे. आम्ही असे कोणतेही फंक्शन कधी पाहिलेले नाही.

जुना बुरूज (औसा)

तुम्ही ते रोज पाहता, फक्त वेगळ्या नावाने. ते साधे स्ट्रटोल आहे, अक्षरांचा आकडा करणारे. सी भाषेच्या सी२३ या नव्या नियमांप्रमाणे त्याने '०बी' ने सुरू होणारे द्विमान आकडेही वाचायला हवेत. जुन्या प्रोग्रामचे वागणे बदलू नये म्हणून जीलिबसी २.३८ ने नव्या वागणुकीचे फंक्शन वेगळ्या नावाने ठेवले, आणि हेडर फाइल गुपचूप त्या नव्या नावाकडे वळवते. सी++ मध्ये बिल्ड करताना जी++ स्वतःच ग्नूच्या सर्व सुविधा चालू करतो, त्यामुळे हे वळण आपोआप लागते. पुरवठादाराने जीलिबसी २.३९ असलेल्या उबुंटू २४.०४ वर बिल्ड केले, त्याच्या कोडमध्ये वजनाची अक्षरे आकड्यात बदलणारी एक ओळ आहे, आणि त्या एका ओळीमुळे तुमच्या चौदा काट्यांवर ही लायब्ररी चालणार नाही. डेबियन १२ ची जीलिबसी २.३६ आहे.

म्हणजे तुम्ही जीसीसी १३ बॅकपोर्ट करा, १४ करा, नाही तर रात्रपाळीप्रमाणे तीन रात्री शिजवा, या फाइलला त्याने काहीही फरक पडत नाही. ३.४.३२ ची मागणी नवी लिबस्टडसी++ शेजारी ठेवून भागवता आली असती. जीलिबसीची मागणी तशी भागत नाही, कारण ती आणि लोडर एकमेकांना बांधलेले असतात.

मोसंबीवाला (जालना)

मी म्हटले होते, खुंट.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मान्य. दृष्टांत पूर्ण बरोबर होता.

आता उपाय. ज्याला लायब्ररी तयार स्वरूपात अनेकांना द्यायची आहे, त्याने ती सर्वांत जुन्या जीलिबसीवर, पण नव्या कंपायलरने बिल्ड करावी. पायथनची व्हील (तयार बिल्ड केलेली) पॅकेजेस याच तत्त्वावर होतात. मेनीलिनक्स_२_२८ या नावातले २_२८ म्हणजे जीलिबसी २.२८, आणि त्याचा पाया रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्स ८ चा आहे. तुमच्या पुरवठादाराला सांगा की अल्मालिनक्स ८ च्या कंटेनरमध्ये जीसीसी-टूलसेट-१३ बसवून पुन्हा बिल्ड करून द्यावे. कोडमध्ये एक अक्षरही बदलावे लागणार नाही. सेंटओएस ७ सारखी जुन्या स्ट्रिंगची भानगडही नाही, कारण ८ वर मूळचाच जीसीसी ८ आहे. पत्रात ऑब्जडम्पच्या त्या दोन ओळी जशाच्या तशा द्या. नुसते 'चालत नाही' असे कळवले, तर 'आमच्याकडे चालते' असे उत्तर येईल.

साधा प्रश्न (धाराशिव)

पुरवठादार तयार झाला नाही तर?

तूरडाळ (लातूर)

तर काट्यावरच डेबियन १३ चा कंटेनर ठेवून प्रोग्राम त्यात चालवावा आणि सिरियल पोर्ट आत द्यावा. कर्नल डेबियन १२ चाच राहतो. आमच्या एका मिलमध्ये असे चालू आहे. ते शोभेचे नाही, पण डाळ निवडते.

पाचोळा (बीड)

तिसरा पर्याय: दर्शकावरचा आकडा डोळ्यांनी वाचून वहीत लिहिणे. याला कोणतीच लायब्ररी लागत नाही आणि काही ठिकाणी अजूनही हेच जास्त विश्वासाचे मानतात.

गोदाकाठ (नांदेड)

बारा दिवसांनी परत येत आहे.

पुरवठादाराच्या अभियंत्याला त्या दोन ओळी पाठवल्या. पहिल्या दिवशी 'आमच्याकडे चालते' हे उत्तर आलेच. देवगिरी सरांनी लिहिलेला कंटेनरचा मार्ग तपशिलाने पाठवल्यावर चौथ्या दिवशी नवी फाइल आली. ऑब्जडम्पमध्ये आता जीलिबसीएक्सएक्स_३.४.२२ आणि जीलिबसी_२.१४ यांच्यापेक्षा मोठा आकडा नाही. घरच्या डेबियन १२ वर ती पहिल्या प्रयत्नात उघडली.

यामुळे हुरूप आला आणि माझा स्वतःचा प्रोग्रामही मी त्याच अल्मालिनक्स कंटेनरमध्ये बिल्ड केला, म्हणजे जोडीदाराचे फॉरमॅट तसेच ठेवता येईल असा हिशेब होता. बिल्ड झाला. काट्यावर नेण्याआधी लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारे एलडीडी चालवून पाहिले तर लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही. माझा प्रोग्राम पावत्या कारखान्याच्या सर्व्हरला एन्क्रिप्ट करून पाठवतो. अल्मालिनक्स ८ मध्ये ओपनएसएसएल १.१ आहे आणि डेबियन १२ मध्ये ३. जीलिबसी जुनी घेतली की बाकी सर्व लायब्रऱ्याही जुन्याच येतात, हे मी विसरलो होतो. पुरवठादाराच्या फाइलला जीलिबसी आणि लिबस्टडसी++ सोडून काहीच लागत नाही, म्हणून तिला हा मार्ग लागू पडला. माझ्या प्रोग्रामला नाही.

शेवटी तूरडाळताईंचे पहिले उत्तर पुन्हा उघडले. फॉरमॅट एकूण अकरा ठिकाणी होते. नेमस्पेस बदलली, डेबियनमधील एफएमटी जोडली आणि डेबियन १२ च्या स्वतःच्या जीसीसी १२.२ ने बिल्ड केले. संध्याकाळी बसलो तो जेवणाआधी काम संपले. जोडीदाराला सांगितले आहे की त्याच्या लॅपटॉपवर काहीही चालो, बिल्ड डेबियन १२ च्या क्रूटमध्येच होईल. तीन काट्यांवर बसवले असून पाळी बदलताना रोज एक याप्रमाणे उरलेले करणार आहे. काल रात्री पहिल्या काट्यावर एका रात्रीत सव्वादोनशे गाड्या झाल्या, आणि खिडकीशी कुणी आले नाही.

जुना बुरूज (औसा)

म्हणजे बॅकपोर्टच्या धाग्यात बॅकपोर्ट कुणीच केला नाही. तरी बरे झाले. एक सूचना: पुरवठादाराची पुढची फाइल आली की बसवण्याआधी ऑब्जडम्पची तीच ओळ चालवण्याची स्क्रिप्ट करून ठेवा. जीलिबसीचा आकडा २.३६ च्या वर गेला की तिने सरळ नकार द्यावा.

गोदाकाठ (नांदेड)

आजच केली, साहेब.

रात्रपाळी (परभणी)

सगळ्यांचे प्रश्न सुटले असतील तर माझाही घ्या. एलडी-लायब्ररी-पाथ काढला. आता यूएसआर-लोकलमधील जीसीसी कसा काढू? मेक अनइन्स्टॉल दिल्यावर बरेच काही मागे राहिलेले दिसते.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

जीसीसीसाठी तो भरवशाचा मार्ग नाहीच. बिल्ड डिरेक्टरी अजून असेल, तर डेस्टडिर देऊन दुसऱ्या रिकाम्या जागी पुन्हा इन्स्टॉल कर. कोणकोणत्या फाइली पडतात त्यांची यादी तिथे मिळेल, आणि त्याच फाइली यूएसआर-लोकलमधून काढ. पुढच्या वेळी प्रीफिक्स ऑप्टमधील वेगळ्या डिरेक्टरीचा दे, म्हणजे एक डिरेक्टरी पुसली की संपले.

रात्रपाळी (परभणी)

बिल्ड डिरेक्टरी जागा हवी म्हणून गेल्या आठवड्यात पुसली, सर. आज रात्री पुन्हा मेक लावतो, या वेळी दोनच कामे.

मोसंबीवाला (जालना)

लॅपटॉप चार्ज करून ठेव.